भरवशाचा खर्च कोणी सोसायचा?

२७ जुलै १९९३ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज एनटी’ नावाची एक सर्वस्वी नवी कार्यप्रणाली बाजारात आणली, तेव्हा तिच्याविषयी जो वाद माजला तो तिच्या रूपाविषयी नव्हता आणि वेगाविषयीही फारसा नव्हता. तो होता तिच्या भरवशाविषयी. बँकांच्या खतावण्या, कारखान्यांचा मालसाठा, विमा कंपन्यांचे दावे अशा ज्या कामांत यंत्र घटकाभर थांबले तरी माणसांची रांग लागते, त्या कामांचा ताबा या नवागताकडे सोपवावा की वर्षानुवर्षे पारखलेल्या जुन्या प्रणालींकडेच राहू द्यावा, असा तो प्रश्न होता. नव्या प्रणालीला आपला वेग एका दुपारी दाखवता येतो, आपल्या सोयी आठवड्याभरात पटवता येतात. पण ‘मी वर्षभर न थांबता चालेन’ हे म्हणणे खरे करून दाखवायला तिला एक वर्षच लागते, आणि गिऱ्हाइकाला तर निर्णय आजच घ्यायचा असतो. कंपनीलाही ही अडचण ठाऊक असावी. पहिल्याच आवृत्तीला तिने १ हा आकडा न देता आपल्या जुन्या विंडोजचा ३.१ हा आकडा देऊन टाकला. तेवढ्याने कोणी फसले असेल असे मात्र वाटत नाही.

संगणकाजवळ जी सामग्री असते, म्हणजे गणित करणारी चिप, मेमरी, डिस्क, पडदा, प्रिंटर, नेटवर्कची तार, तिची वाटणी निरनिराळ्या प्रोग्रॅमांमध्ये रीतसर करून देणे हे कार्यप्रणालीचे काम. तिची रचना ध्यानात येण्यासाठी जुन्या मामलेदार कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. बाहेरच्या ओसरीवर अर्जदार आणि पक्षकार तिष्ठत असतात. आत खजिना असतो, दप्तर असते. आणि मध्ये एक भिंत व त्या भिंतीला एक खिडकी असते. अर्जदाराने खिडकीशी अर्ज द्यावा, कारकुनाने तो तपासावा, आणि हुकूम झाला तर पैसा अथवा कागद आतून बाहेर यावा, हा शिरस्ता. संगणकात या आतल्या दालनाला कर्नल म्हणतात. आमचे तुमचे सारे प्रोग्रॅम ओसरीवरचे अर्जदार. एखादा अर्जदार भोवळ येऊन पडला तर त्याला उचलून बाहेर न्यावे, कचेरीचे काम चालू राहावे. परंतु खजिन्यातल्या माणसानेच घोळ घातला तर कचेरी बंद करून सर्वांना घरी धाडण्यावाचून गत्यंतर नसते.

त्या काळी घरोघरी आणि ऑफिसांतून जे डॉस आणि जे जुने विंडोज चालत असे, त्यात ही भिंत जवळजवळ नव्हतीच. कोणीही उठावे, थेट आत जावे, दुसऱ्याच्या कागदांवर आपले कागद ठेवावेत, आणि एकाच्या चुकीने सारे यंत्र ‘हँग’ व्हावे, असा कारभार होता. पुढे १९९५ साली आलेल्या आणि भिंतीचा अर्धामुर्धा बंदोबस्त केलेल्या ‘विंडोज ९५’ची एक गंमत सांगण्याजोगी आहे. यंत्र सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद लोटले याची एक मोजणी त्यात चाले, आणि ती ज्या घरात ठेवलेली होती ते घर सुमारे ४२९ कोटींवर भरून जाई, म्हणजे ४९.७ दिवस यंत्र अखंड चालले की ते आपसूक थांबण्याची शक्यता असे. हा दोष उघडकीस यायला १९९९ साल उजाडले. कारण उघड आहे: तोवर एखादे यंत्र सलग ४९ दिवस चालल्याचा प्रसंगच कोणाच्या वाट्याला फारसा आला नव्हता.

अशा घराण्यात जन्मलेल्या प्रणालीने भरवशाची ग्वाही द्यावी, हे ऐकून युनिक्स या जुन्या, मुरलेल्या प्रणालीचे पाठीराखे हसले यात नवल नाही. परंतु एनटीचे रक्त त्या घराण्याचे नव्हते. तिचा कर्ता डेव्हिड कटलर हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतला माणूस. त्या कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांसाठी ‘व्हीएमएस’ ही प्रणाली रचणाऱ्यांत तो अग्रभागी होता, आणि व्हीएमएसची ख्याती, तिच्या शत्रूंच्याही मुखातून, न थांबणारी अशीच होती. १९८८ साली त्याचा एक नवा प्रकल्प कंपनीने गुंडाळला, तेव्हा तो चिडून बाहेर पडला, आणि आपले जुने सहकारी बरोबर घेऊन मायक्रोसॉफ्टमध्ये दाखल झाला. तेथे त्याने जी शिस्त लावली तिच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांतली मर्माची एवढीच की, तयार होत असलेली अर्धीकच्ची प्रणाली तिच्या कर्त्यांनी स्वतःच्या रोजच्या कामासाठी वापरलीच पाहिजे असा दंडक होता, आणि रात्री शेकडो यंत्रांवर मुद्दाम असह्य भार टाकून सकाळी कोणती यंत्रे जिवंत आहेत, कोणती मेली आणि का मेली, याचा पंचनामा केल्याखेरीज पुढचे काम चालत नसे.

या माणसाने एनटीची भिंत जाड बांधली. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र मेमरी दिली. कोणाला किती वेळ द्यायचा हे प्रोग्रॅमांच्या भलमनसाईवर न सोडता प्रणालीच्या हाती ठेवले. डिस्कवर काही लिहिण्यापूर्वी त्याची नोंद वेगळ्या रोजकीर्दीत व्हावी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी हिशेब जुळवून घेता येईल, अशी तजवीज केली. इतकेच नव्हे, तर पडद्यावर चौकटी आणि चित्रे काढणारा जो मोठा विभाग, तोही त्याने आत न ठेवता ओसरीवर ठेवला. या साऱ्याचा दाम मोजावा लागला तो मेमरीच्या रूपाने. ज्या काळी साधारण संगणकात ४ मेगाबाइट मेमरी म्हणजे चैन समजली जाई, त्या काळी एनटीला किमान १२ मेगाबाइट लागत. ‘एवढे अवजड धूड घेऊन काय करायचे?’ असा आक्षेप आला आणि तो रास्तच होता. पण या आक्षेपातच, माझ्या मते, साऱ्या वादाचे बीज होते, आणि ते वाद घालणाऱ्यांच्या फारसे ध्यानी आले नाही. भरवसा फुकट मिळत नाही. तो कोणी तरी, कोणत्या तरी रूपाने विकत घेतलेला असतो. आणि दोन प्रणालींची तुलना करताना ‘अधिक भरवशाची कोणती?’ असे विचारण्याआधी ‘हिच्या भरवशाचा खर्च कोण सोसतो आहे?’ असे विचारावे लागते.

नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअरचेच पाहा. दहावीस संगणक तारेने जोडलेले, मध्ये एक सर्व्हर, आणि त्याच्यावर नेटवेअर, हे नव्वदीच्या आरंभीच्या ऑफिसांतले सर्रास दिसणारे दृश्य. सर्व्हर एखाद्या कोपऱ्यातल्या खोलीत असे, आणि त्याच्या काळ्या पडद्यावर एक साप वळवळत असे. तो शोभेचा नव्हता. सर्व्हरवर भार वाढला की सापाची गती वाढे आणि शेपूट लांबे, त्यामुळे दारातून डोकावूनच सिस्टिमवाल्याला कामाचा अंदाज येई. हे सर्व्हर महिनोन् महिने चालत. एका विद्यापीठात असा एक सर्व्हर बांधकामाच्या वेळी भिंतीआड चिणला गेला आणि चार वर्षे तेथून इमाने इतबारे चाकरी करत राहिला, अशी एक कहाणी २००१च्या सुमारास फार पसरली होती. ती खरी की रचलेली हा भाग निराळा, पण नेटवेअरविषयी ती सांगितली गेली आणि लोकांनी ती खरी मानली, यात सारे आले. आता आश्चर्य असे की, या नेटवेअरमध्ये भिंत नव्हती. तिचे सारे घटक खजिन्याच्या दालनातच बसत, आणि त्यांपैकी एक बिघडला तर ‘अबेंड’ असा शब्द पडद्यावर उमटून सर्व्हर जागच्या जागी थिजे. मग ती टिकून कशी राहिली? तिने आपले काम आखडून घेतले होते म्हणून. फाईली सांभाळणे आणि छपाई करून देणे, याखेरीज तिला कोणी फारसे काही सांगत नसे. आणि तिची निगा राखणारा माणूस नॉव्हेलची परीक्षा देऊन, प्रमाणपत्र मिळवून आलेला असे. गिऱ्हाइकाने भरवशाचा खर्च येथे दोन रूपांत भरला होता: अपेक्षा कमी ठेवून आणि जाणत्या माणसाला पगार देऊन.

युनिक्सचा मामला वेगळा. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेली ही प्रणाली १९९३ पर्यंत चोवीस वर्षांची झाली होती, आणि आपल्याकडील बँकांच्या यांत्रिकीकरणातही ऐंशीच्या दशकापासून तिचाच वावर होता. परंतु ज्या युनिक्सची नावे आदराने घेतली जात ती सन, एचपी, आयबीएम यांसारख्या कंपन्यांची होती, आणि या कंपन्या प्रणालीही स्वतःच बनवत व यंत्रही स्वतःच. कोणती तार कोठे जोडली आहे, कोणते कार्ड कोणत्या खाचेत आहे, हे सारे त्यांच्या दप्तरी पक्के नोंदलेले. अशा बंदोबस्तात प्रणाली कोसळण्याचे प्रसंग थोडे येतात. मात्र त्या यंत्राची किंमत पाहून गिऱ्हाईक कोसळते. तिसरी स्पर्धक आयबीएमची ‘ओएस-२’. ती गुणी होती, भिंतही चांगली होती, पण कीबोर्ड आणि माऊस यांच्याकडून येणाऱ्या हुकमांची तिच्यात एकच रांग असे, आणि रांगेतल्या पहिल्या प्रोग्रॅमने अडवणूक केली की मागचे सारे खोळंबत. आत कर्नल ठणठणीत जिवंत असे. समोर बसलेल्या माणसाला मात्र यंत्र मेले असेच दिसे. तिचा निकाल लवकर लागला आणि एटीएम यंत्रांतून काही वर्षे तिची सेवा चालू राहिली, एवढे सांगून पुढे जाऊ.

एनटीने जे वचन दिले ते या सर्वांहून धाडसाचे होते. यंत्र कोणाचेही असो, स्वस्तातले असो, त्यात घातलेली कार्डे दहा निरनिराळ्या कारखान्यांची असोत, चालवणारा माणूस केवळ माऊस फिरवण्याइतकाच शिकलेला असो. तरीही तुम्हांला व्हीएमएसच्या तोलाचा भरवसा मिळेल, असे ते वचन. थोडक्यात, खर्च कोणीच न सोसता माल मिळेल. वाद घालणारे कटलरच्या भिंतीची जाडी मोजत बसले. भिंतीत कमी नव्हतीच. कमी होती ती खजिन्याच्या किल्ल्या वाटण्यात.

प्रिंटर, पडदा, नेटवर्क कार्ड, डिस्क यांच्याशी बोलणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ते उपकरण बनवणाऱ्या कंपनीने लिहिलेला असतो, आणि उपकरणाशी थेट व्यवहार करायचा असल्याने त्याला आतल्या दालनात बसवावे लागते. म्हणजे परगावच्या एखाद्या अनोळखी कारकुनाला, त्याची पाळेमुळे न तपासता, खजिन्याची किल्ली देण्यासारखेच हे झाले. मायक्रोसॉफ्टने तपासलेल्या उपकरणांची एक यादी प्रसिद्ध केली आणि यादीबाहेरचे काही घेऊ नका असे बजावले; पण स्वस्त माल यादीत पाहून कोण घेतो? मग कधी तरी, भर दुपारी, पडदा एकाएकी निळा होई. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘स्टॉप’ हा शब्द, पुढे शून्य-एक्सने सुरू होणारा एक लांबलचक आकडा, कंसात आणखी चार आकडे, आणि खाली आत बसलेल्या ड्रायव्हरांची दोन रकान्यांत मांडलेली हजेरी. जाणकाराला या हजेरीत गुन्हेगाराचे नाव सापडे. बाकीचे लोक यंत्र बंद करून पुन्हा चालू करत आणि ‘विंडोजच वाईट’ असा निवाडा देऊन मोकळे होत. वस्तुतः तो निळा पडदा म्हणजे प्रणालीचा सचोटीचा कबुलीजबाब होता: आत घोळ झाला आहे, पुढे चालू ठेवले तर तुमचे दप्तर बिघडेल, म्हणून मी थांबते. पण थांबलेल्या यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ही सचोटी समजावून सांगायला जाऊ नये.

दुसरी बाब माणसांची. जिम ग्रे या अभ्यासकाने १९८५ साली, टँडेम कंपनीत असताना, ‘संगणक का थांबतात?’ या प्रश्नाची चौकशी केली. टँडेमची यंत्रे न थांबण्यासाठीच बांधलेली. त्यांत प्रत्येक महत्त्वाचा भाग जोडीने असे, एक निकामी झाला तर दुसरा काम उचले. अशी यंत्रेही ज्या कारणांनी थांबली ती त्याने वर्गवार मांडली, तेव्हा यंत्रसामग्रीचा वाटा १८ टक्के, सॉफ्टवेअरचा २५ टक्के, आणि यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्या माणसांचा, म्हणजे त्यांच्या हातून होणाऱ्या फेरबदलांचा आणि चुकांचा, ४२ टक्के निघाला. हे आकडे समोर ठेवून एनटीकडे पाहिले म्हणजे तिच्या सर्वांत मोठ्या आकर्षणातच तिचा धोका कसा दडला होता ते दिसते. युनिक्सचा सर्व्हर चालवायला चार वर्षे घासलेला माणूस लागे, कारण त्याखेरीज तो चालतच नसे; एनटीचा सर्व्हर खिडक्या आणि बटणे दाखवी, म्हणून तो चालवण्याचे काम कालपर्यंत हिशेब लिहिणाऱ्या कोणाही होतकरू तरुणाच्या गळ्यात पडे. प्रणालीच्या सुलभतेने शिक्षणाचा खर्च वाचवला, आणि तोच खर्च पुढे बंद पडलेल्या दिवसांच्या रूपाने वसूल झाला. अनुभवी मंडळींत तर असा दंडकच होता की, कंपनीकडून दुरुस्तीचा ‘सर्व्हिस पॅक’ आला की महिनाभर त्याला हात लावायचा नाही. आधी दुसऱ्यांचे सर्व्हर पडू द्यायचे. एनटी ४चा सहावा सर्व्हिस पॅक १९९९ साली आला आणि त्याने काही ठिकाणी लोटस नोट्ससारखा चालता प्रोग्रॅम अडवला, म्हणून थोड्याच दिवसांत ‘सहा-अ’ काढावा लागला, तेव्हा हा दंडक पाळणाऱ्यांचे चेहरे पाहण्याजोगे झाले असतील.

वादाला खरी धार आली ती अमेरिकेच्या नौदलामुळे. ‘यॉर्कटाउन’ या क्रूझरवर खलाशांची संख्या कमी करण्यासाठी एनटी ४ चालवणारे संगणक बसवून ते एकमेकांस जोडले होते. २१ सप्टेंबर १९९७ रोजी व्हर्जिनियाच्या केप चार्ल्सजवळ समुद्रात असताना एका खलाशाने माहितीच्या एका रकान्यात शून्य भरले. त्या शून्याने एका प्रोग्रॅमने भागाकार केला. शून्याने भागणे गणितात निषिद्ध, म्हणून तो प्रोग्रॅम कोलमडला. त्याच्या पाठोपाठ जोडणीतले इतर संगणक अडले, आणि जहाजाची गतियंत्रणा बंद पडून ते सुमारे पावणेतीन तास पाण्यावर नुसते तरंगत राहिले. टीकाकारांनी तत्काळ एनटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. बचावपक्षाचे म्हणणे असे की, चूक ओसरीवरच्या प्रोग्रॅमची. शून्य आले तर काय करायचे हे त्याच्या कर्त्याने योजायला हवे होते. प्रणालीने आपली भिंत राखली. दोन्ही कैफियती वाचल्यावर मला बचावपक्षाचे म्हणणे कायद्याने बरोबर वाटते. पण ज्या जहाजाचे इंजिन एका रकान्यातल्या शून्याने थांबू शकते, त्या जहाजावर कर्नल जिवंत होता की नाही ही चौकशीच गौण ठरते. साध्या ऑफिसाच्या कामासाठी रचलेली सामग्री स्वस्त पडते म्हणून युद्धनौकेवर बसवली, आणि चुकीचा आकडा खिडकीशीच अडवण्यावर जो खर्च व्हायचा तो कोणीच केला नाही. उद्या तिथे एखादे मातबर युनिक्स बसवले असते, तरी त्या प्रोग्रॅमने शून्याने भागाकार केलाच असता.

युनिक्सवाल्यांच्या आत्मविश्वासालाही एक जुना तडा होता, आणि तो वादाच्या भरात पुष्कळदा विसरला जाई. विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर १९८८ सालच्या एका वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या युनिक्सवर काम करत होते, आणि पावसामुळे तारेत खरखर होऊन भलतीच अक्षरे घुसत होती. त्या निरर्थक अक्षरांनी चांगले नावाजलेले प्रोग्रॅम कोसळू लागले, याचेच त्यांना नवल वाटले. मग त्यांनी विद्यार्थ्यांकरवी निरनिराळ्या युनिक्सांवरच्या प्रोग्रॅमांना मुद्दाम वेडावाकडा मजकूर चारून पाहिला, आणि १९९० साली प्रसिद्ध केले की त्यांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा प्रोग्रॅम कोसळतात अथवा अडकतात. २००० साली त्यांनीच एनटीवरचे प्रोग्रॅम याच कसोटीला लावले. कीबोर्ड आणि माऊसच्या निरर्थक पण वैध हुकमांनी २१ टक्के कोसळले आणि आणखी २४ टक्के नुसतेच थिजले. म्हणजे ओसरीवरचे अर्जदार दोन्हीकडे नाजूकच होते. एका बाजूला चोवीस वर्षे त्यांना शहाण्या माणसांनी सांभाळले होते, दुसऱ्या बाजूला नव्हते.

ज्यांना या वादात पडण्याची चैन परवडण्याजोगी नव्हती, त्यांनी काय केले तेही पाहावे. एनटी बाजारात आल्यानंतरच्या दोन वर्षांत मुंबईत दोन शेअर बाजारांचे व्यवहार पडद्यावर आले. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराने स्ट्रेटस कंपनीची यंत्रे घेतली, आणि १९९५ साली दलाल स्ट्रीटच्या जुन्या बाजाराने ‘बोल्ट’ या आपल्या व्यवहारव्यवस्थेसाठी टँडेमची. दोन्ही कंपन्यांची कीर्ती एकच: आतला प्रत्येक भाग जोडीने. नव्या प्रणालींची जाहिरात दोघांनीही वाचली असणारच, परंतु ज्या कामात पाच मिनिटांच्या खोळंब्याने देशभर बोंब होते, तेथे त्यांनी भरवसा उघड उघड, रोख किंमत मोजून विकत घेतला. याच्या उलट लंडनच्या शेअर बाजाराने २००७ साली विंडोज सर्व्हरवर उभारलेली ‘ट्रेडइलेक्ट’ ही व्यवस्था मोठा गाजावाजा करून स्वीकारली. ८ सप्टेंबर २००८ रोजी, जगातले बाजार उलथापालथीत असताना आणि व्यवहार ऐन भरात असताना, भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. बाजार सुमारे सात तास बंद राहिला. पुढे त्यांनी मिलेनियम-आयटी ही श्रीलंकेतली कंपनीच विकत घेतली आणि २०११ साली लिनक्सवर चालणारी तिची व्यवस्था आपल्याकडे बसवली. दोष विंडोजचा होता की वर लिहिलेल्या प्रोग्रॅमचा, हा तंटा तेव्हाही झालाच.

एनटीच्या इतिहासात मला सर्वांत दुःखदायक वाटते ते प्रकरण १९९६ सालचे. त्या वर्षीच्या एनटी ४मध्ये, पडदा रंगवणारा जो विभाग कटलरने ओसरीवर बसवला होता, तो उचलून खजिन्याच्या दालनात आणला गेला. का? खिडकीशी दर वेळी हेलपाटे घालण्यात वेळ जातो आणि चित्रे संथ उमटतात म्हणून. कंपनीचा युक्तिवाद असा की, तो विभाग बाहेर कोसळला तरी यंत्र निरुपयोगीच होते, मग तो आत असला काय नि बाहेर असला काय! युक्तिवाद चतुर आहे, खोटा नाही. पण त्याच्यामागोमाग पडद्याच्या कार्डांचे ड्रायव्हर आत आले, आणि त्या काळी त्या कार्डांइतकी घाईघाईने बनवलेली आणि चढाओढीने विकलेली वस्तू दुसरी नव्हती. वेगासाठी भरवसा गहाण टाकला गेला. तो सोडवून घ्यायला दहा वर्षांवर काळ गेला. २००७ सालच्या ‘विंडोज व्हिस्टा’त त्या ड्रायव्हरांचा मोठा भाग पुन्हा ओसरीवर धाडण्यात आला, आणि तेव्हापासून पडदा क्षणभर काळा होऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला’ अशी सूचना येऊ लागली. तरीही त्या वर्षी मायक्रोसॉफ्टकडे नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या पडझडींपैकी २८ टक्क्यांहून अधिक पडद्याची कार्डे बनवणाऱ्या एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळे होत्या, हे पुढे एका दाव्यातल्या कागदपत्रांतून बाहेर आले.

मग एनटी भरवशाची ठरली की नाही? ठरली, पण ज्यांनी तसे भाकीत केले होते त्यांच्या कारणांनी नव्हे. १९९७च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने हॉटमेल हे ई-मेलचे संकेतस्थळ विकत घेतले तेव्हा ते फ्रीबीएसडी आणि सोलारिस या युनिक्सकुळातल्या प्रणालींवर चालत होते, आणि मालकाला स्वतःच्या घरात स्वतःची प्रणाली बसवायला २००० साल लागले. प्रतिस्पर्ध्यांनी याचा यथेच्छ उपहास केला. त्याच २००० सालच्या फेब्रुवारीत ‘विंडोज २०००’ आले, आणि ऐन मुहूर्तावर कंपनीतले एक अंतर्गत टिपण फुटले, ज्यात ६३,००० संभाव्य दोषांचा उल्लेख होता. वृत्तपत्रांनी तो आकडा डोक्यावर घेतला. त्यात खरे दोष किती, सुधारणेच्या सूचना किती, आणि कोणी तरी मागे लिहून ठेवलेली ‘हे पुन्हा पाहावे’ अशी टाचणे किती, याचा विचार थोड्यांनी केला. वापरात ती प्रणाली पूर्वीच्या साऱ्या विंडोजांहून स्थिर निघाली. सात वर्षे लोकांचे ड्रायव्हर कोसळले होते, त्यांचे पंचनामे झाले होते, सिस्टिमवाले रात्री जागून शिकले होते. हा सारा खर्च गिऱ्हाइकांनी आधीच भरला होता. विंडोज २०००ने त्याची पावती दिली.

ड्रायव्हरांच्या कारकुनीवर अंकुश त्यानंतर हळूहळू आला. २००३ सालच्या एका संशोधननिबंधात ‘विंडोज एक्सपी’च्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होतात असे नमूद झाले. याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनी, ड्रायव्हर चालवून न पाहता केवळ त्याचा मजकूर तर्कशास्त्राने तपासून त्यातले नियमभंग शोधणारे एक साधन सिद्ध केले, आणि किल्ली देण्यापूर्वी कारकुनाची चौकशी करण्याची रीत पडली. उपकरणांच्या ड्रायव्हरांचा उपद्रव त्यामुळे पुष्कळ कमी झाला.

पण किल्ली मागणारे नवे लोक आले. विषाणूंपासून संरक्षण देणाऱ्या कंपन्यांचे म्हणणे असे की, चोर आत शिरतो तर पहारेकरीही आतच हवा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या अशाच पहारेकऱ्याकडे एक सदोष माहिती-फाईल पोहोचली, तो आतल्या दालनात कोसळला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर जाऊन थांबली. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानात चढावे लागले. ‘सर्व्हर डाऊन आहे, नंतर या’ हे बँकेच्या काउंटरवरचे वाक्य त्या दिवशी अर्ध्या जगाने ऐकले. यॉर्कटाउनच्या वेळचाच तंटा पुन्हा उभा राहिला: चूक पहारेकऱ्याची, की त्याला आत घेणाऱ्या कचेरीची? मायक्रोसॉफ्टच्या प्रवक्त्याने बोट दाखवले ते २००९ साली युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्याकडे, ज्यान्वये कंपनीने स्वतःच्या संरक्षक प्रोग्रॅमला जो प्रवेश असेल तोच इतरांनाही द्यायचा आहे.

आता या पहारेकऱ्यांनाही ओसरीवर आणण्याची योजना मायक्रोसॉफ्टने हाती घेतली आहे, आणि त्यासाठीची नवी सोय २०२५च्या उन्हाळ्यात निवडक कंपन्यांना पारखण्यासाठी देण्याचे जाहीर केले. (याच सुमारास निळ्या पडद्याचा रंग बदलून तो काळा करण्यात आला, ही सुधारणा तुलनेने सोपी होती.) संरक्षक कंपन्यांची मुख्य तक्रार वेगाची आहे आणि दृष्टीच्या टप्प्याची आहे, ओसरीवरून आतले सारे दिसत नाही, आणि खिडकीशी हेलपाटे घालावे लागतात. दुसरी तक्रार अधिक नाजूक आहे. खिडकी मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात, आणि मायक्रोसॉफ्ट तर संरक्षणाच्या धंद्यात त्यांची प्रतिस्पर्धी. तेव्हा तिचा स्वतःचा पहारेकरीही याच खिडकीशी रांगेत उभा राहील की मागच्या दाराने आत जाईल, याची लेखी हमी त्यांना हवी आहे. ऑनलाइन खेळांतली लबाडी पकडणारे प्रोग्रॅमही अद्याप आतच बसतात, आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांशी बोलणी चालू आहेत.